हिरडीचे कलम आणि धातूचे मूळ

कोकणातल्या मुलाच्या कानावर 'कलम' हा शब्द शाळेत जाण्याआधीच पडतो. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बसविली आणि दोघांचे जुळले, की झाले कलम. देवरूखच्या आसपास एखाद्या जुन्या बागायतदाराला विचारा. तो तुम्हांला कलमे बांधण्याच्या दोन पद्धती सांगेल. पहिली भेट कलमाची. हीत रायवळ रोपाची कुंडी हापूसच्या झाडाजवळ नेऊन, मांडव घालून, फांदीच्या उंचीला आणतात. रोपाची आणि फांदीची साल थोडी थोडी काढून दोघांना एकमेकांस बांधून टाकतात. फांदी या काळात मूळ झाडालाच असते, तिचे अन्नपाणी तिकडूनच चालू असते. जोड पक्का झाला की मगच ती मूळ झाडापासून कापायची. दुसरी पद्धत कोय कलमाची. कोय रुजून वर आलेल्या कोवळ्या, तांबूस रोपाचा शेंडा छाटतात आणि हापूसची काडी झाडावरून पूर्ण तोडून, पाचरीसारखी तासून त्यात बसवितात. ही काडी जुळेपर्यंत निराधार असते. म्हणून ती आधी पाने काढून तयार केलेली असावी लागते, हवा दमट असावी लागते आणि जोड घट्ट बांधावा लागतो.

विद्यार्थिमित्रांनो, दंतवैद्य हिरडीवर जी शस्त्रक्रिया करतात तिलाही कलमच म्हणता येईल. तिच्यातही हेच दोन प्रकार आहेत, एक भेट कलमाचा आणि एक कोय कलमाचा. दातांचे सौंदर्य हा विषय काहींना चैनीचा वाटतो. पण हिरडीचे कलम आणि जबड्यात बसविलेला धातूचा स्क्रू यांच्या मागे जे विज्ञान आहे ते तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातले आहे. क्रिकेट खेळताना पुढचा दात तुटून हातात येण्याचा प्रसंग तुमच्यापैकी कोणावरही येऊ शकतो, तेव्हा हा विषय तुमच्या कामाचाही आहे.

पुण्याजवळचे एक कलम

लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र आणि एक चित्र छापून आले. चित्र होते कावसजी नावाच्या एका गाडीवानाचे. नाव पारशी वाटते, परंतु पत्रात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे म्हटले आहे. १७९२ च्या युद्धात तो इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकीत होता. टिपूच्या लोकांनी त्याला कैद केले आणि त्याचे नाक व एक हात कापला. सुमारे वर्षभर तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. अशी शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिली होती. डॉक्टरांची नावे मासिकाने छापली, पण ज्याने नाक केले त्याचे नाव छापले नाही. बहुधा ते कोणी विचारलेही नसावे.

कृती अशी होती. मेणाचा पातळ पत्रा घेऊन त्याचे नाक घडवायचे, मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्याभोवती रेघ ओढायची. त्या रेघेच्या आतली कातडी सोलायची, पण पूर्ण नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवायची. ही कातडी फिरवून खाली आणायची आणि नाकाच्या जागी बसवायची. जुळणी होईपर्यंत त्या अरुंद पट्टीतून रक्त येत राहते, आणि पंचवीस दिवसांच्या सुमारास ती पट्टी कापून टाकतात. हे अगदी भेट कलमच झाले. सुश्रुताच्या ग्रंथात नाकासाठी गालाची कातडी घेण्याची रीत दिली आहे, तर पुण्याच्या कारागिराने कपाळाची घेतली. हे पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली जिवंत रुग्णावर तीच शस्त्रक्रिया करून दाखविली. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात म्हणूनच पुण्याच्या या नाकाला मानाचे स्थान आहे.

या हकिकतीतला महत्त्वाचा भाग ती अरुंद पट्टी हा आहे. शरीराचा तुकडा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येतो, पण त्याचे रक्त तुटले तर तो जगत नाही. मग कोय कलमासारखा पूर्ण तोडलेला तुकडा कसा जगेल?

हिरडी का उतरते, आणि कलम कसे लागते

दाताचा जो भाग आपल्याला दिसतो त्याच्यावर एनॅमलचे कठीण आवरण असते. मुळावर ते नसते. मूळ हाडाच्या खोबणीत आणि हिरडीच्या आड झाकलेले असते. वरच्या दातांची हिरडी वर सरली, किंवा खालच्या दातांच्या बाबतीत म्हणायचे तर खाली उतरली, की मूळ उघडे पडते. मग थंड पाण्याने दात शिवशिवतात, मुळाला कीड लागू शकते आणि दात लांब दिसू लागतो. याची कारणे अनेक आहेत. कडक ब्रश आडवा, जोर लावून घासणे हे एक. हिरडीचा जुनाट दाह हे दुसरे. जन्मतःच हिरडी व तिच्यामागचे हाड पातळ असणे हे तिसरे. आपल्याकडे आणखी एका कारणाची भर पडते, ते म्हणजे मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड हिरडीवर चोळण्याची सवय कोकणात, विशेषतः बायकांत, पुष्कळ आहे. ज्या बोटाने मिश्री लावतात त्या बाजूची हिरडी झिजते. शिवाय तंबाखूतले निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. ज्या शस्त्रक्रियेचे सारे यश रक्तपुरवठ्यावर अवलंबून आहे तिला ते मारक ठरते. तंबाखू खाणाऱ्या, ओढणाऱ्या किंवा लावणाऱ्या माणसाची हिरडीची कलमे आणि इम्प्लांट इतरांपेक्षा अधिक वेळा फसतात.

उतरलेली प्रत्येक हिरडी कापाकापी करून वर आणायला हवी असे मात्र नाही. ती उतरणे थांबले असेल, दात शिवशिवत नसेल आणि घासायला अडचण नसेल, तर चांगला दंतवैद्य ब्रश बदलायला सांगून घरी पाठवितो.

कलम करायचेच झाले तर सर्वांत सोपा उपाय शेजारची हिरडी सरकविण्याचा. उघड्या मुळाच्या बाजूची निरोगी हिरडी तीन बाजूंनी कापून, चौथ्या बाजूने जोडलेली ठेवून, मुळावर सरकवून टाके घालतात. अमेरिकेतील ग्रूप आणि वॉरन या दोघांनी १९५६ साली ही पद्धत सांगितली. कावसजीच्या नाकाची आणि हिची जात एकच.

पण शेजारची हिरडीही पातळ असली तर? तेव्हा टाळूकडे वळावे लागते. वरच्या दाढांच्या आतल्या बाजूला जीभ लावून पाहा. तेथील आवरण घट्ट, जाड आणि हाडाला चिकटलेले असते. तेथून पूर्ण सुटा तुकडा घेऊन हिरडीच्या जागी शिवण्याची पद्धत स्वीडनमध्ये ब्यॉर्न यांनी १९६३ साली प्रसिद्ध केली. हे झाले कोय कलम. या तुकड्याची जाडी साधारण १ ते १.५ मि.मी. ठेवतात. एवढी पातळच का ठेवायची याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

सुट्या तुकड्यात पहिले दोनतीन दिवस रक्त वाहत नसते. खालच्या जखमेतून पाझरणारा द्रव त्याला भिजवितो आणि त्यातून प्राणवायू व साखर विसरणाने आत शिरतात. विसरणाचा नियम असा की अंतर दुप्पट झाले तर लागणारा वेळ चौपट होतो. पाण्याने भरलेल्या ऊतीत प्राणवायूचा रेणू ०.१ मि.मी. अंतर दोनतीन सेकंदांत ओलांडतो, १ मि.मी.ला त्याला सुमारे ४ मिनिटे लागतात आणि १ सें.मी.ला सुमारे ७ तास! शिवाय वाटेतल्या पेशी प्राणवायू वापरून टाकतात, म्हणजे आतल्यांच्या वाट्याला काही उरतच नाही. आपल्या शरीरात बहुतेक पेशी केशवाहिनीपासून एकदोन दशांश मिलिमीटरच्या आतच का असतात, हे यावरून ध्यानात येईल. जाड तुकडा मधूनच मरतो. पातळ तुकडा कसाबसा दोनतीन दिवस तग धरतो. तोपर्यंत खालून केशवाहिन्यांचे कोंब त्यात शिरू लागतात, आणि आठवडा-दहा दिवसांत रक्ताभिसरण बऱ्यापैकी सुरू होते.

उघडे मूळ स्वतः रक्त देऊ शकत नाही, हे येथे लक्षात घ्यायला हवे. मुळावर पडलेला कलमाचा भाग कडेच्या हिरडीवरच जगतो. म्हणून तुकडा मुळापेक्षा पुष्कळ रुंद घ्यावा लागतो. १९८५ साली लँगर व लँगर यांनी यावर एक सुरेख तोडगा काढला. टाळूचा वरचा पापुद्रा तसाच ठेवून त्याच्या खालचा संयोजी ऊतीचा थर तेवढा काढायचा आणि तो हिरडीच्या खाली, खिशात घालावा तसा सरकवायचा. आता त्याला खालून आणि वरून, दोन्ही बाजूंनी रक्त मिळते. आणखी एक फायदा झाला. पूर्वीच्या कलमाचा ठिगळासारखा फिकट चट्टा तोंडात दिसत असे, तो आता दिसेनासा झाला.

या खालच्या थराचा एक गुण मला फार विलक्षण वाटतो. १९७५ साली माकडांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की वर कोणत्या प्रकारचे आवरण तयार व्हायचे हे खालची संयोजी ऊती ठरविते. टाळूचा थर गालाकडच्या मऊ आवरणाखाली नेला तरी त्याच्यावर टाळूसारखेच घट्ट आवरण येते. रायवळच्या मुळांवर वाढूनही काडीला हापूसच लागतो, तसेच हे. मात्र उपमा फार ताणू नये. रायवळ आणि हापूस ही दोन वेगळी झाडे असूनही जुळतात. माणसाला दुसऱ्याची जिवंत हिरडी चालत नाही, शरीर ती परकी म्हणून नाकारते. म्हणून टाळू ज्याची त्याचीच हवी.

कलम केल्यावर रुग्णाने काय करू नये याची यादी मोठी असते. तिच्यातली एक सूचना अशी, की ओठ ओढून आरशात पाहू नये. सूचना साधी, पण पाळणे कठीण. नव्या केशवाहिन्या कोळ्याच्या जाळ्याहून नाजूक असतात, तुकडा किंचित सरकला की त्या तुटतात. कलमाची पट्टी रोज सोडून 'लागले का' पाहणाऱ्याचे कलम कधीच लागत नाही, हे बागेतला गडीही सांगेल.

काळ्या वाळूतला धातू

आतापर्यंत आपण जिवंत तुकड्याविषयी बोललो. आता समजा, दातच गेला. त्याच्या जागी जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवून त्यावर कॅप चढविता येते, हे तुम्ही ऐकले असेल. यालाच इम्प्लांट म्हणतात. निर्जीव धातूला रक्त नको, अन्न नको. मग त्याचे कलम लागण्याचा प्रश्नच कोठे येतो? पण तो येतो.

आपल्या हाडात काटा, गोळी, खिळा गेला तर शरीर काय करते? त्याच्याभोवती तंतूंची पिशवी तयार करून त्याला वेगळे टाकते. असा खिळा कायम थोडा हलत राहतो. दातासाठी तो निरुपयोगी. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसे वाहते ते पाहत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची एक छोटी नळी, आत भिंगे घालून, हाडात बसविली होती. काम संपल्यावर नळी काढून पुन्हा वापरायची होती. ती निघेना. हाड तिला येऊन भिडले होते, मध्ये तंतूंची पिशवी नव्हतीच. अनेक वर्षे प्राण्यांवर काम केल्यावर १९६५ साली त्यांनी गोथेनबर्ग येथे एका माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसविले, आणि ते त्याच्या मृत्यूपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकले. इतर दंतवैद्यांचा विश्वास बसायला मात्र १९८२ साल उजाडले. त्या वर्षी टोरांटो येथे भरलेल्या परिषदेत ब्रोनेमार्क यांनी आपली सारी आकडेवारी मांडली. हाड आणि धातू यांच्या या मिलनाला आपण अस्थिसंलग्नता म्हणू.

टायटॅनियम आपल्याला तसा परका नाही. रत्नागिरीच्या मांडवीच्या किनाऱ्यावर गेला असाल तर तेथील काळी वाळू आठवा. उत्तरेकडच्या काळबादेवीच्या उपसागरातही ती आहे. तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज आहे. लोह, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे ते संयुग. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट खडक झिजतो, नद्या त्याचे कण समुद्रात नेतात आणि लाटा हलके कण वाहून नेऊन जड कण किनाऱ्यावर मागे ठेवतात. या वाळूत चुंबक फिरवून पाहा. चटकन चिकटतात ते बहुतेक मॅग्नेटाइटचे कण, इल्मेनाइट चुंबकाकडे फार क्षीणपणे ओढले जाते. टायटॅनियमचा शोधही अशाच काळ्या वाळूत लागला. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील विल्यम ग्रेगर या पाद्र्याने १७९१ साली, म्हणजे कावसजीच्या नाकाच्या दोनच वर्षे आधी, तेथील ओढ्याच्या काळ्या वाळूत हे मूलद्रव्य ओळखले.

खनिज मुबलक, पण धातू महाग, कारण टायटॅनियम ऑक्सिजनला सहजासहजी सोडत नाही. त्याचे आधी क्लोराइड करून मग मॅग्नेशियमच्या साहाय्याने धातू मिळवितात. त्यामुळे जगातले बहुतेक इल्मेनाइट पांढऱ्या रंगासाठीच खर्ची पडते. आपल्याकडे केरळात चवरा येथे धातूरूप टायटॅनियम तयार करण्याचा कारखाना २०११ साली सुरू झाला.

ऑक्सिजनची ही ओढच इम्प्लांटच्या कामी येते. टायटॅनियमचा ताजा पृष्ठभाग हवेत येताच त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो. हा थर अवघा काही नॅनोमीटर जाड असतो, पण अतिशय चिवट असतो. ओरखडा पडला तर तो लगेच पुन्हा तयार होतो. हाडाच्या पेशींची गाठ धातूशी पडतच नाही, ती या ऑक्साइडशी पडते. तो लाळेत, रक्तात विरघळत नाही, म्हणून धातूचे कण सुटून पेशींना त्रास होत नाही. दुसरा गुण लवचीकतेचा. टायटॅनियमचा यंगचा गुणांक सुमारे ११० गिगापास्कल, पोलादाचा २००, आणि हाडाच्या कठीण थराचा १५ ते २०. टायटॅनियम हाडापेक्षा ताठच आहे, पण पोलादाइतका नाही. फार ताठ खिळा सगळा भार आपल्यावरच घेतो आणि भोवतालच्या हाडाला काम उरत नाही. काम नसलेले हाड शरीर हळूहळू काढून नेते.

स्क्रू बसविताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली उष्णता. हाड उष्णतेचे वाईट वाहक आहे, म्हणून ड्रिलच्या टोकाशी घर्षणाने निर्माण झालेली उष्णता तेथेच साचते. १९८३ साली सशांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिले तरी त्याला इजा होते. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश असते, म्हणजे हातात अवघे दहा अंश! म्हणून ड्रिल मंद वेगाने, धारदार पाते वापरून आणि थंड सलाइनची धार सोडून चालवितात.

दुसरी गोष्ट स्तब्धता. हाड भिडेपर्यंतच्या दिवसांत स्क्रू हलता कामा नये. सुमारे १०० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहून थोडे अधिक, एवढी हालचाल वारंवार झाली तर हाडाऐवजी तंतूंची पिशवी तयार होते. ब्रोनेमार्क खालच्या जबड्यात तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबत, कारण वरच्या जबड्याचे हाड अधिक सच्छिद्र असते. आता हा काळ पुष्कळदा कमी करता येतो, पण थांबण्याचे कारण तेच आहे. हिरडीच्या कलमालाही हवी असते ती स्थिरताच, येथे फक्त मोजमाप बदलते.

करडी छटा

पुढच्या पटाशीच्या दातांच्या जागी इम्प्लांट बसविले की एक नवीच अडचण दिसते. कॅप उत्तम, रंग जुळलेला, आणि तरी हिरडीच्या कडेला करडी-निळसर छटा दिसते. असे का व्हावे?

घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर दूध घाला. एक खिळा पेल्याच्या आतल्या बाजूला काचेला टेकवून धरा आणि बाहेरून पाहा, तो स्पष्ट दिसेल. आता तो हळूहळू काचेपासून आत न्या. आधी तो करडा होईल, मग पुसट, मग दिसेनासा होईल. दुधाचे कण प्रकाश विखुरतात. खिळा जवळ असतो तेव्हा पुष्कळ प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचून शोषला जातो. तो दूर गेला की बहुतेक प्रकाश त्याला न गाठताच परत आपल्या डोळ्यांकडे येतो.

हिरडी हेच दुधाळ पाणी. तांबडा प्रकाश तिच्यात खोल शिरतो, निळा लवकर विखुरला जाऊन परततो. मागे करडा धातू असला तर तो आत आलेला तांबडा प्रकाश गिळतो आणि परत येणाऱ्या प्रकाशात गुलाबी रंगाची उणीव राहते. त्वचेखालच्या शिरा निळसर दिसतात त्याचे कारणही काहीसे असेच आहे. हिरडीची जाडी २ मि.मी.हून कमी असली की ही छटा डोळ्यांना सहज जाणवते. उपाय दोन. एक, स्क्रूवरचा जोडखांब पांढऱ्या झिर्कोनियाचा करायचा. दुसरा, टाळूखालचा तोच संयोजी थर घेऊन हिरडी जाड करायची. एकाच जागी धातूचे मूळ आणि हिरडीचे कलम यांची सांगड पडते ती अशी.

दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोणी कोंब हा दंतवैद्यांच्या डोकेदुखीचा आणखी एक विषय आहे. तो गेला तर दातांमध्ये काळा त्रिकोण दिसतो. १९९२ साली नैसर्गिक दातांची मापे घेऊन असे आढळले की दोन दात जेथे एकमेकांना टेकतात तेथपासून हाडापर्यंतचे अंतर ५ मि.मी. किंवा कमी असेल तर कोंब जवळजवळ नेहमी पूर्ण असतो, ६ मि.मी. असेल तर ५६ टक्के आणि ७ मि.मी. असेल तर २७ टक्के ठिकाणीच. एका मिलिमीटरने केवढा फरक पडतो पाहा.

दात टांगलेला असतो

इम्प्लांटची एवढी थोरवी ऐकून कोणाला वाटेल की दात गेला तर गेला, स्क्रू बसवू. पण खरा दात हाडात रोवलेला नसतो, तो टांगलेला असतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मि.मी. जाडीचा तंतूंचा थर असतो, त्याला परिदंत बंध म्हणतात. चावताना दात या झोळीत काही दशक मायक्रॉन खाली जातो आणि परत येतो. इम्प्लांट जेमतेम तीन ते पाच मायक्रॉन दबते. या बंधात संवेदनशील चेतातंतूही असतात, म्हणून भाकरीतला बारीक खडा आपल्याला तत्क्षणी कळतो. इम्प्लांटला तो तितकासा कळत नाही. हिरडीचे तंतू खऱ्या मुळात आडवे घुसून ती दाताला घट्ट बांधतात. धातूत ते घुसू शकत नाहीत, नुसते गळपट्ट्यासारखे भोवती राहतात. म्हणून इम्प्लांटभोवती जंतू आत उतरण्याची भीती अधिक, आणि रोजची स्वच्छताही अधिक.

तुमच्या वयाशी संबंध असलेली गोष्ट वाढीची आहे. जबडा वाढतो तेव्हा दात या बंधाच्या आधाराने त्याच्याबरोबर सरकत जातो. हाडाला चिकटलेला स्क्रू सरकत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी पुढच्या दाताच्या जागी इम्प्लांट बसविले, तर चारपाच वर्षांत शेजारचे दात खाली येतात आणि इम्प्लांटवरचा दात वरच, आखूड राहिलेला दिसतो. म्हणून चेहऱ्याची वाढ पुरी होईपर्यंत दंतवैद्य थांबतात आणि तोवर काढता-घालता येणारा किंवा शेजारच्या दातांना मागून चिकटविलेला दात देतात.

म्हणून कायमचा दात मुळासकट निखळला तर पहिली धडपड तोच परत बसविण्याची असावी. येथेही शर्यत रक्तापासून तुटलेल्या पेशींचीच असते. मुळाला चिकटून आलेल्या बंधाच्या पेशी कोरड्या राहिल्या तर तासाभरात मरतात. दात पांढऱ्या भागाने धरावा, मुळाला बोट लावू नये, मूळ घासू किंवा पुसू नये. माती लागली असेल तर क्षणभर थंड पाण्याच्या धारेखाली धरून दात लगेच खोबणीत परत बसवावा, स्वच्छ रुमालावर चावून तो जागेवर धरावा आणि दंतवैद्याकडे जावे. हे जमत नसेल तर दात दुधात ठेवून न्यावा. पाण्यात ठेवू नये. पाण्यात क्षार नसल्यामुळे परासरणाने पाणी पेशींत शिरते आणि त्या फुगून फुटतात. दुधाची तीव्रता पेशींतील द्रवाच्या जवळपास असल्याने त्या काही काळ तगतात.

बसविलेला दात शेजारच्या दातांना सुमारे दोन आठवडे बारीक तारेने बांधतात, आणि ही तार मुद्दाम लवचीक घेतात. कलमाला आणि स्क्रूला हवी असते तशी पूर्ण स्तब्धता येथे नको असते. किंचित हालचाल राहिली तर बंधाचे तंतू पुन्हा नीट जुळतात. बंध मेलेला असेल तर हाड मुळाला चिकटते, आणि मग तोही दात वाढत्या जबड्यात स्क्रूसारखाच मागे राहतो. दुधाचा दात मात्र निखळला तरी परत बसवीत नाहीत, कारण त्याच्या मुळाशी तयार होत असलेल्या कायमच्या दाताला त्यामुळे इजा होऊ शकते.